रक्तवाढीच्या गोळ्यांचा अर्धवट हिशेब

पन्नास किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ८ असेल, तर ते १२ वर आणायला आणि शरीरातली लोहाची रिकामी झालेली शिल्लक भरायला किती लोह लागतं? डॉक्टर यासाठी एक साधं सूत्र वापरतात. वजन गुणिले कमतरता गुणिले २.४, आणि वर साठ्यासाठी ५००. म्हणजे ५० × ४ × २.४ = ४८०, त्यात ५०० मिळवले की ९८० मिलिग्रॅम. जवळपास एक ग्रॅम. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, पण गिळलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. शरीर लोहासाठी आसुसलेलं असलं तरी गोळीतलं दहा-पंधरा टक्केच शोषलं जातं. रोज एक गोळी घेतली तर ६ ते ९ मिलिग्रॅम हाती लागतात. या गतीने तो एक ग्रॅमचा खड्डा भरायला ११० ते १६० दिवस लागतात, तेही एकही गोळी न चुकवता.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. थकवा, चक्कर, जिना चढताना दम लागतो म्हणून बाई दवाखान्यात जाते. ‘रक्त कमी आहे’ असं सांगून तिला दहा किंवा पंधरा गोळ्या कागदात बांधून दिल्या जातात. पंधरा गोळ्यांतून तिला फार तर १३५ मिलिग्रॅम लोह मिळतं, म्हणजे गरजेच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. त्यातल्या चार-पाच मळमळीमुळे राहून जातात. दोन महिन्यांनी तपासलं तर हिमोग्लोबिन तिथल्या तिथे असतं, आणि तिला ऐकावं लागतं, ‘तुम्ही गोळ्या नीट घेतच नाही.’

या वाक्याला माझा विरोध आहे. गोळीला नाही. लोहाची गोळी हे स्वस्त, जुनं आणि गुणकारी औषध आहे. पण आपली सगळी व्यवस्था गोळी हातात पडेपर्यंतचाच हिशेब ठेवते. ती पोटात कशी गेली, कशाबरोबर गेली, रक्त वाढलं का, वाढलं नसेल तर का नाही, आणि मुळात रक्त जातंय कुठे, हे प्रश्न बाईच्या पदरात टाकून ती मोकळी होते.

हा कार्यक्रम काही काल सुरू झालेला नाही. देशात पोषणजन्य रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने तो नव्याने बांधला गेला. शाळेतल्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, १० ते १९ वयोगटाला आठवड्याला एक निळी, गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. आखणी चांगली आहे. तरीही २०१५-१६ आणि २०१९-२१ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांच्या दोन फेऱ्यांत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलेला दिसतो. देशाचा आकडा ५३ वरून ५७ वर गेला.

या आकड्यांवर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. या सर्वेक्षणात बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजलं जातं. बोट दाबून दाबून थेंब काढला की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलींमधला रक्तक्षय ४० टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो हेही त्यातून पुढे आलं. समजा खरा आकडा ५४ नसून ४० असेल. दहांपैकी चार जणी. त्यावर समाधान मानायचं का? उलट, रक्तक्षय नेमका कशाचा हे न तपासता सरसकट एकच गोळी देण्यातली अडचण या आक्षेपामुळे जास्त ठळक होते.

गोळी का सुटते, याची कारणं अज्ञानात शोधण्याआधी पोटात शोधावीत. लोहामुळे तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, पोटात कळ येते, शौचाला काळं आणि घट्ट होतं. काळं शौच पाहून बाई घाबरते, कारण ते होणार आहे असं तिला कोणी सांगितलेलं नसतं. न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून तो रंग येतो, त्यात धोका काही नाही. (डांबरासारखं चिकट, दुर्गंधीयुक्त काळं शौच मात्र वेगळं. ते जठरातून रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.) गरोदरपणात गोळ्या खाल्ल्या तर बाळ काळं होतं, बाळ फार वाढतं आणि सिझर करावं लागतं, अशा समजुतीही घरोघरी आहेत. त्या खऱ्या नाहीत. पण दोन वाक्यांत समजावून सांगणारं माणूस समोर नसेल तर समजूतच जिंकते.

गोळी उपाशीपोटी सर्वांत चांगली शोषली जाते, पण त्रासही तेव्हाच जास्त होतो. त्यामुळे सरकारी सूचना जेवणानंतर घ्यायला सांगतात, आणि ते शहाणपणाचं आहे. सुटलेल्या उत्तम गोळीपेक्षा रोज घेतली जाणारी थोडी कमी शोषलेली गोळी बरी. बहुतेक बायकांना रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, झोपण्यापूर्वी, लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घेतलेली गोळी मानवते. मळमळ झोपेत निघून जाते. त्रास तरीही होत असेल तर गोळी बंद करण्याऐवजी प्रकार किंवा मात्रा बदलून मागावी.

इथे विज्ञानाने अलीकडे एक उपयोगी गोष्ट दाखवली आहे. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचे साधारण २४ तास आतडं लोह आत घ्यायला कुरकुरतं. म्हणून एकाच दिवशी दोन-तीन गोळ्या घेतल्याने शोषण दुप्पट-तिप्पट होत नाही, त्रास मात्र होतो. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर केलेल्या प्रयोगांत दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे जास्त लोह शोषलं गेल्याचं दिसलं. गरोदर नसलेल्या आणि सौम्य रक्तक्षय असलेल्या बाईला रोजची गोळी सोसत नसेल तर दिवसाआड हा पर्याय डॉक्टरांशी बोलून घेण्यासारखा आहे. गरोदरपणात मात्र वेळ हाताशी थोडा असतो. तिथे स्वतःच्या मनाने मात्रा कमी करू नये.

गोळीबरोबर काय घेतलं जातं यावर आणखी बरंच अवलंबून असतं. आपल्याकडचा पहिला दोषी म्हणजे चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहातली टॅनिन द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. सकाळी पोळी-भाजीबरोबर चहा, शेतावरून आल्यावर भाकरीच्या पाठोपाठ चहा, अशी दिवसाची घडी असलेल्या घरात चहा सोडा म्हणून कोणी सोडत नाही. पण तो जेवणापासून आणि गोळीपासून तास-दीड तास लांब नेता येतो. एवढं एकच वाक्य प्रत्येक गोळीच्या पाकिटावर मराठीत ठळक छापलं तरी फरक पडेल.

दुसरा दोषी तर आपणच गोळीच्या शेजारी ठेवतो. गरोदर बाईला लोहाबरोबर कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात, ५०० मिलिग्रॅमच्या दिवसाला दोन. दोन्ही एका पिशवीत, दोन्ही ‘जेवणानंतर’. ती स्वाभाविकपणे दोन्ही एकाच घोटात घेते, आणि कॅल्शियम लोहाच्या वाटेत उभं राहतं. यात निदान दोन तासांचं अंतर हवं. सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्री लोह, असं वाटून घेतलं की प्रश्न मिटतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईने ती पहाटे उपाशीपोटी घेऊन लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास दूर ठेवावीत, नाही तर थायरॉइडची गोळीही वाया जाते आणि मात्रा विनाकारण वाढत राहते. रोज सकाळी सवयीने घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी जठरातलं आम्ल कमी करते, आणि ते आम्ल लोह विरघळायला लागतं. महिनोन्‌महिने ती घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन वाढत नसेल तर ही गोळी खरंच लागते का, हे विचारायला हवं.

‘गोळ्या कशाला, खाण्यातून वाढवा’ हा दुसरा सल्ला. ऐकायला नैसर्गिक वाटतो म्हणून तो फार खपतो. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज इतका घट्ट आहे की शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आत असतं हे सांगितलं तरी पटत नाही. सफरचंदात त्याहूनही कमी. गुळात शंभर ग्रॅमला साडेचार-पाच मिलिग्रॅम धरलं तरी दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम येतं, आणि त्यातलं पाच टक्के शोषलं तर हाती ०.०२५ मिलिग्रॅम उरतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला आहारातून दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. पुरुषाला १९. गुळाच्या खड्याने हे अंतर कापलं जाणार नाही, आणि मधुमेह असलेल्या बाईला ‘रक्तासाठी गूळ खा’ सांगणं तर तिच्यावर अन्यायच आहे.

आहाराला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. हिमोग्लोबिन एकदा वर आणल्यावर ते तिथे टिकवण्याचं काम आहाराचंच. त्यासाठी महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात उत्तम सामान आहे: बाजरी, मटकी, कुळीथ, हरभरा, काळे तीळ, अळीव, राजगिरा, माठाची पालेभाजी. यातलं लोह वनस्पतीजन्य असल्याने ते फायटेट नावाच्या द्रव्याने बांधलेलं असतं. मटकीला मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. वरून अर्धं लिंबू पिळलं, जेवणानंतर पेरूची फोड खाल्ली तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे शोषण आणखी वाढतं. लिंबाचा रस मात्र भाजी उतरवल्यावर घालावा, शिजवताना नाही. लोखंडी कढईत चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेली आमटी केली तर कढईतलं लोह अन्नात उतरतं. मांसाहारी घरात मटण, कलेजी, मासे यांतलं लोह सर्वांत सहज शोषलं जातं, आणि ते सोबतच्या भाकरी-डाळीतल्या लोहाचंही शोषण वाढवतं. फक्त ताटात ते कोणाच्या वाट्याला जातं हे पाहायला हवं. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या पुढ्यात रस्सा उरतो. हा पोषणशास्त्राचा प्रश्न नाही, घरातल्या न्यायाचा आहे. कुटुंबाने एकत्र जेवायला बसणं हा यावरचा साधा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाचाही इथे उल्लेख हवा. शंभर दाण्यांमागे एक लोहयुक्त दाणा मिसळलेल्या या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. ते दाणे दिसायला वेगळे, पाण्यात तरंगतात, म्हणून ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ समजून निवडून टाकले जातात. ते टाकू नयेत, आणि भाताचं पाणी ओतून देऊ नये. पण शंभर ग्रॅम तांदळातून तीन-चार मिलिग्रॅम, तेही वरणाबरोबर आणि पाठोपाठ चहाबरोबर. ही मदत आहे, उपचार नव्हे.

आता ज्या प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं त्याकडे येऊ. रक्त जातंय कुठे?

मासिक पाळीत सर्वसाधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजलं जातं. हिमोग्लोबिन १२ असताना एका मिलिलिटर रक्तात साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. शंभर मिलिलिटर गेलं तर एका पाळीत ४० मिलिग्रॅम लोह गेलं. आता आठवड्याच्या गोळीचा हिशेब करा: महिन्याला चार गोळ्या, प्रत्येकीतून ६ ते ९ मिलिग्रॅम, म्हणजे २४ ते ३६. ज्या मुलीच्या अंगावरून जास्त जातं तिची चारही निळ्या गोळ्यांची कमाई एका पाळीत वाहून जाते. ती शाळेत दर सोमवारी शिक्षिकेसमोर गोळी गिळते आहे, नोंदवहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण आहे, आणि तिचा चेहरा वर्षभर पांढराच आहे. भांड्याला भोक असताना वरून पाणी किती ओतलं याचीच फक्त नोंद ठेवली जाते आहे.

हे भोक शोधायला सोनोग्राफी लागत नाही, चार प्रश्न लागतात. पाळी सात दिवसांच्या वर चालते का? तासा-दोन तासाला पॅड किंवा कपडा बदलावा लागतो का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर तिला नुसती गोळी देऊन घरी पाठवू नये. आशाताई हे प्रश्न सहज विचारू शकतात, फक्त त्यांच्या फॉर्मवर ते हवेत. बायका स्वतःहून सांगत नाहीत, कारण आईला असंच जायचं, बहिणीला असंच जातं, म्हणून ते त्यांना नेहमीचंच वाटतं.

आणि सांगितलं तर काय होतं? एक तर ‘या वयात होतंच’ म्हणून सोडून दिलं जातं, नाही तर थेट ‘पिशवी काढून टाका’. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागे मजुरी बुडण्याची भीती होती, पाणी आणि शौचालय नसलेली फडावरची राहणी होती, आणि उपचारांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या गायब होत्या हेही होतं. त्या पायऱ्या अस्तित्वात आहेत. थायरॉइडची तपासणी, गर्भाशयात फायब्रॉइड किंवा पॉलिपच्या गाठी आहेत का हे पाहणं, तांबी बसवल्यानंतर रक्तस्राव वाढला असेल तर ती बदलणं. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या फक्त चार-पाच दिवसांपुरत्या घ्यायच्या असतात (रक्ताच्या गुठळ्यांचा आजार झालेल्यांना त्या देत नाहीत). संप्रेरकाच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन अनेकींचा रक्तस्राव अगदी थोड्यावर आणतं आणि वर्षानुवर्षं काम करतं. शस्त्रक्रिया काहींना खरोखर लागते, पण ती शेवटची पायरी असायला हवी. किशोरवयीन मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, शिवाय हिरड्यांतून रक्त येणं, सहज काळं-निळं पडणं असेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी करावी. आणि पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक थेंबही दुर्लक्षू नये.

घरातल्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या आजीचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर गोळी सुरू करण्याइतकंच कारण शोधणं महत्त्वाचं असतं. मूळव्याध, सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे जठराला पडलेले व्रण, आतड्याचा कर्करोग, यातलं काहीही रक्तक्षयामागे लपलेलं असू शकतं. आजीला टॉनिक आणून दिलं की कर्तव्य झालं, असं समजू नये.

लहान मुलांचं थोडक्यात. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर राहिलेलं मूल गुटगुटीत दिसतं पण आतून पांढरं होतं, कारण दुधात लोह नगण्य असतं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त गाईचं-म्हशीचं दूध पिणाऱ्याची भूकच मरते. दीड वर्षाच्या मुलाला चहात बिस्किट बुडवून भरवणं ही आपल्याकडची सर्रास सवय तर त्याच्या वाट्याचं थोडं लोहही अडवते. मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खात असेल तर त्याला मारू नका, त्याचं रक्त तपासा. गरोदर बाई भाजकी माती खाते तेव्हाही ते डोहाळे म्हणून सोडून देऊ नये. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये.

गोळी नियमित घेतली, चहा लांब ठेवला, पाळीही ठीक आहे, आणि तरी महिन्याभरात हिमोग्लोबिन एका अंकानेही वाढलं नाही, तर निदान चुकलं असण्याची शक्यता धरावी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन आयुष्यभर दहा-अकराच्या आसपास राहू शकतं. त्याच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, बराच कमी असतो पण लाल पेशींची संख्या भरपूर असते. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागलं आणि उत्तर १३ च्या खाली आलं तर एचबी-ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करायला हवी. लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला हे कळणं पुढच्या बाळासाठी फार मोलाचं आहे. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातल्या बऱ्याच भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही विचार हवा.

शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते, आणि तिथे एक छुपा धोका आहे. लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिडही असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड मिळत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा यांकडे मग वयाचा परिणाम म्हणून पाहिलं जातं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं.

निदान न करता वाट्टेल ते विकण्याचं काम बाजार करतोच आहे. ‘अशक्तपणासाठी सलाईन’ घेण्याची सवय गावोगाव आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. त्यात पिवळं इंजेक्शन टाकलं की ती बी-कॉम्प्लेक्स. लोह त्यात नसतं. शिरेतून देण्याचं लोह वेगळं औषध आहे. गोळ्या सोसत नाहीत, बाळंतपण जवळ आलं आहे किंवा रक्तक्षय जास्त आहे, अशा वेळी ते फार उपयोगी पडतं, पण ॲलर्जी सांभाळण्याची तयारी असलेल्या ठिकाणीच घ्यावं. टॉनिकच्या बाटलीवर द्राक्षं आणि डाळिंबं छापलेली असतात. त्याऐवजी मागची बारीक अक्षरं वाचावीत: एका मात्रेत ‘एलिमेंटल आयर्न’ किती मिलिग्रॅम? फेरस सल्फेट किंवा फ्युमरेटचं एकूण वजन म्हणजे लोहाचं वजन नव्हे. केसगळतीसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत गमी गोळ्यांमध्ये लोह बहुधा नसतंच, बायोटिन भरपूर असतं. केस गळण्यामागे लोहाचा साठा संपलेला असेल तर त्याचा उपयोग शून्य, शिवाय बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ते बंद करावं आणि प्रयोगशाळेला तसं सांगावं. साठा पाहायचा असेल तर फेरिटिन तपासावं. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला आहे. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं.

याच गोळ्या घरात कुठे ठेवता हेही विचारात घ्या. साखरेचा थर असलेली रंगीत गोळी मुलाला चॉकलेटसारखी वाटते. दहा किलो वजनाच्या मुलाने ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं, आणि ही मात्रा जिवावर बेतू शकते. सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल सावरल्यासारखं दिसतं. याच टप्प्यावर घरचे फसतात, आणि मग ते अचानक खालावतं. गोळ्या खाल्ल्याची शंका जरी आली तरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नये. रिकामं पाकीट हातात घेऊन लगेच मोठं रुग्णालय गाठावं. घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात ठेवाव्यात, उशाखाली किंवा फ्रिजच्या दारात नाही.

यातलं बरंचसं सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. रक्तक्षय असलेल्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन दर महिन्याला मोजा, महिन्यात एक अंकही वाढलं नाही तर वरच्या रुग्णालयात पाठवा, असं त्यात स्पष्ट आहे. पण ज्या निर्देशांकावर राज्यांची क्रमवारी लागते तो गोळ्या किती जणांपर्यंत पोहोचल्या यावर ठरतो. जे मोजलं जातं त्यावरच कर्मचाऱ्यांचा जीव अडकतो, हे कुठल्याही आरोग्य केंद्रात दिसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०२२ च्या नवरात्रात राज्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ या मोहिमेत १८ वर्षांवरच्या बायकांची तपासणी हाती घेतली. ते फार चांगलं पाऊल होतं. पण एका तपासणीतून फक्त कमतरता कळते. ती भरली का, हे दुसरीतून कळतं.

म्हणून मागणी नेमकी असावी. रक्तक्षय निघालेल्या प्रत्येक बाईच्या कार्डावर पहिल्या हिमोग्लोबिनशेजारी ३० दिवसांनंतरच्या हिमोग्लोबिनचा रकाना हवा, आणि जिल्ह्याचं मूल्यमापन त्या दुसऱ्या आकड्यावर व्हावं. पाळीचे चार प्रश्न त्याच कार्डावर असावेत. पहिल्या भेटीत पंधरा नाही, निदान महिन्याच्या गोळ्या द्याव्यात, आणि हिमोग्लोबिन १२ वर पोहोचल्यावरही साठा भरण्यासाठी पुढचे तीन महिने चालू ठेवायच्या आहेत हे लिहून द्यावं. आकडा न हलणाऱ्या बाईला दुसरं पाकीट देण्याऐवजी तिचा सीबीसी करावा, तोही गावाजवळच्या केंद्रातून, मोफत. आणि ज्या दिवशी गोळ्या दिल्या त्याच दिवशी तिच्या हातात पुढच्या तपासणीची तारीख असावी, बाजाराचा दिवस किंवा सुट्टी पाहून ठरवलेली, म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी बुडणार नाही.